वाटेवर सांगायचं नाही

माझ्या भावाच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्वमग्न ठरवलं, तेव्हा घरात रडारड झाली. डॉक्टरांनी दिलेला एक कागद सगळ्यांच्या हातातून फिरत माझ्याकडे आला. त्यावर लिहिलं होतं : समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, मोठा आवाज सोसत नाही, ठरलेला क्रम बदलला की बिथरतो, शब्दांचा शब्दापुरताच अर्थ घेतो. मी कागद दोनदा वाचला आणि म्हणालो, "हे तर माझं वर्णन आहे. त्या पोराचं नाव वर कशाला घातलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी काहीतरी चुकीचं बोललो असणार, पण काय ते कोणी सांगितलं नाही. ऐंशी उलटून गेल्यावर माणसाला आपण कोण ते कळावं, म्हणजे वरातीमागून घोडंच. गावात मला याआधी पुष्कळ नावं मिळाली होती. शाळेत मी येडो होतो, वाडीत घुमो होतो, आणि मोटार चालवायला लागल्यावर शिष्ट झालो. त्या तिन्हींपेक्षा हे नवं नाव बरं आहे. फक्त ते ऐकायला आई नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तो कागद मी तिलाच आधी वाचून दाखवला असता.

आमचं गाव तळेऱ्याहून विजयदुर्गाला जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राकडच्या टोकाला. वडील मी चार वर्षांचा असताना वारले. भाऊ चौदाव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेला. राहिलो आई आणि मी, थोडी भातशेती आणि परड्यातली पाच काजूची झाडं. मला माणसांचे चेहरे वाचता येत नसत. अजूनही येत नाहीत. भुवया वर जातात, तोंडाचे कोपरे सरकतात आणि त्यातून बाकीच्यांना म्हणे सगळं कळतं. मला काडीचंही कळत नाही. आईनं हे फार लवकर ओळखलं असावं. एकदा एका देवळात नेऊन कौल लावला, देवानं काही धड सांगितलं नाही, मग तिनं आपलाच उपाय काढला. ती मला सगळं तोंडानं सांगू लागली.

"माका राग इलो आसा," ती म्हणे. "तुझो नाय. शेजारच्या रेड्याचो. तू जेव."

किंवा, "माका रडाक येता. तुझ्यामुळा नाय. वायच रडान घेतंय, मगे भाकरी भाजतंय." आणि खरंच, थोडं रडून ती भाकरी भाजायला बसे. कोणी घरी येऊन काही बोललं आणि सगळे हसले, की ते गेल्यावर ती मला म्हणे, "ता हसाचा होता, झिला. पुढच्या वेळाक हस." माझ्या मते जगातल्या सगळ्या माणसांनी असंच वागायला हवं. पण तशी एकच होती, आणि ती मला मिळाली होती.

पन्नास सालानंतर काही वर्षांनी आमच्या गावच्या बागायतदारानं मुंबईहून एक जुनी काळी मोटार आणली. तिच्याबरोबर एक हंगामापुरता ड्रायव्हरही आला होता. मी तेव्हा बागायतदाराकडे आंब्याची अढी लावायच्या कामावर होतो. काम संपलं की मोटारीजवळ जाऊन उभा राही. एक दिवस ड्रायव्हरला म्हटलं, "आतलो एक आवाज कमी झालो." तो हसला. दुसऱ्या दिवशी गाडी चढावर दमली तेव्हा त्यानं झाकण उघडलं, तर एक प्लग मेलेला. त्यानंतर त्यानं बागायतदाराला सांगितलं, शिकवायचं तर ह्या पोराला शिकवा, हा गाडीचं ऐकतो.

मी गाडीचं ऐकत होतो हे खरं आहे. मोटार कधी टोमणा मारत नाही. तिला तहान लागली की ती तापते, क्लच नीट दाबला नाही की ती करकरते, आणि जे म्हणायचं ते लगेच, त्याच जागी म्हणते. क्लच, गिअर, ब्रेक यांचा क्रम कोणाच्या मर्जीवर बदलत नाही. स्टेअरिंग हातात आलं की माझ्या हातांना काय करायचं ते कळे, एरवी माणसांत उभं राहिलं की ते मला नेहमी जास्तीचे वाटत. तळेरे ते आमचं गाव यातली सगळी वळणं मी पाठ केली होती. कुठल्या वळणावर जांभ्याची कड सुटली आहे, कुठल्या वळणावर पावसात मोरीवरून पाणी जातं, कुठे दुपारी तीननंतर ऊन थेट डोळ्यांत येतं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. रत्नागिरीला जाऊन मी परवाना काढला. परत आल्यावर आई म्हणाली, "माका आनंद झालो आसा. बघ, ह्यो आनंद." आणि आपल्या चेहऱ्याकडे बोट केलं. मी नीट बघून ठेवला.

पुढे बागायतदारानं गाडी भाड्यानं सोडायला सुरुवात केली. पावसाळ्यात विजयदुर्गाची आगबोट बंद पडे, आणि मुंबईचे चाकरमानी कोल्हापूरवरून एसटीच्या लाल गाडीनं येऊन तळेऱ्याला उतरत. तिथून त्यांना घरी सोडायचं काम माझं. गाडी चालवणं मला जमत होतं. गाडीतली माणसं जमत नव्हती. मागून कोणी बोललं की रस्ता आणि बोलणं दोन्ही एकदम कानात शिरे आणि मला घाम फुटे. म्हणून मी नियम केला, पुढच्या सीटवर कोणी बसायचं नाही. फक्त आई बसे, कारण गाडी थांबेपर्यंत ती अवाक्षर बोलत नसे. विजयदुर्गच्या मासेवाल्या सुक्या मासळीच्या टोपल्या टपावर टाकून बाजाराला येत, त्यांना मी एकदा म्हटलं, तळेरे येईपर्यंत बोलू नका. त्यातली एक म्हणाली, "तोंड बंद ठेवल्यार मासे तू इकतलंस?" सगळ्या हसल्या. आई म्हणाली असती, हस. मी हसलो, पण तोवर पुढचं वळण आलं होतं.

भोंग्याचंही तेच. तो आवाज माझ्या दातांत जाई. आंधळ्या वळणावर भोंगा वाजवायचा रिवाज होता. मी वळणाच्या अलीकडे गाडी थांबवी, इंजिन बंद करी, काच खाली करून कान देई, आणि पलीकडून काही येत नाही अशी खात्री पटली की हँडल मारून पुन्हा निघे. "हेच्या गाडयेतसून जाण्यापेक्षा चलत गेलेला बरा," असं लोक माझ्यादेखत म्हणत. पण माझ्या हातून गाडीला कधी ओरखडा गेला नाही. ते कोणी म्हणत नसे.

शिष्ट हे नाव मात्र हातामुळे पडलं. त्या रस्त्याला तेव्हा गाड्या मोजक्या. दोन ड्रायव्हर समोरासमोर आले की स्टेअरिंगवरचा एक हात वर करत. वळताना हात बाहेर काढायचा हे मला माहीत होतं, कारण ते परवान्याच्या पुस्तकात होतं. हा हात पुस्तकात नव्हता. तो किती वर करायचा, किती वेळ, ओळखीच्यालाच की सगळ्यांना, आधी कोणी करायचा? मी हे सगळं ठरवेपर्यंत समोरची गाडी मागे गेलेली असे. शिवाय हॉटेलात रोज दिसणारा ड्रायव्हर स्टेअरिंगमागे बसला की मला तो ओळखू येत नसे. काही महिन्यांनी मला बघून हात वर करणं सगळ्यांनी सोडून दिलं. तळेऱ्याच्या हॉटेलात ड्रायव्हरांचा एक बाक होता. मी शेवटच्या बाकावर बसून चहा घेई आणि त्यांचं हसणं ऐके. त्या बाकावर बसावं असं मला वाटत नव्हतं असं नाही. फार वाटे. पण तिथे जाऊन काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं.

एका श्रावणात शेजारच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ फार आजारी झाले. मुंबईच्या मुलाला तार गेली आणि तो निघाला. तो वाटेत असतानाच पहाटे म्हातारे वारले. मला सकाळी मुलाला आणायला तळेऱ्याला पाठवलं. कोणी मला काही बजावलं नाही; बजावायची गरज आहे असं कोणाला वाटलंच नसेल. मुलगा गाडीत बसला. फणसाच्या झाडाजवळ जो लांब उतार लागतो तिथे त्यानं मला विचारलं, "माझो बापूस कसो आसा?"

मी म्हणालो, "पहाटे मेले."

त्यानं गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून तो रस्त्याकडेच्या गडग्यावर बसला, त्या दगडी बांधाला दोन्ही हातांनी धरून, आणि पावसात मोठ्यानं रडला. मी इंजिन बंद करून वाट बघत राहिलो. मग तो उठला आणि पुढच्या सीटवर येऊन बसला. तो आता बोलेल म्हणून मी घाबरलो होतो. तो घर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

घरी बाया त्याला धरायला दारात उभ्या होत्या. तो कोरड्या डोळ्यांनी आत गेला, आपल्या आईजवळ बसला आणि त्यानं तिलाच धरलं. झालं, गावभर बोभाटा झाला. कोणी सांगितलं ह्याला वाटेवर? आमच्याकडे ते कधीच सांगत नाहीत. तारेत अत्यवस्थ म्हणायचं, गाडीत बरा आहे म्हणायचं, उंबऱ्याच्या आत पाय पडला की ते आपोआप कळतं. त्याच्या चुलत्यानं माझी कॉलर धरली. बागायतदार म्हणाला, "गाडयेची चावी काढून घेतलंय तर माका दोष देव नको." दोन महिने मला कोणी भाड्याला बोलावलं नाही. मुलगा तेरावं झाल्यावर मुंबईला गेला तो माझ्या मोटारीऐवजी गावातूनच लाल गाडीनं. त्यावरून काय समजायचं ते मला अजून समजलेलं नाही.

आईला मी विचारलं, "माझा काय चुकला? तेणां इचारल्यान."

"इचारल्यान तरी 'बरो आसा' म्हणाचा."

"पण तो बरो नाय होतो."

"नाय होतो." ती तांदूळ निवडत होती, ती थांबली. "ऐक. वाटेर सांगाचा नाय, घराकडे पोचल्यार सांगाचा. वाटेर माणूस एकटो आसता. घरात धरूक चार माणसां आसतत."

हे मला पटलं. कारण दिलं की मला पटतं. मी तो नियम वळणांसारखा पाठ केला. मग माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती मी तशीच विचारली. "तू मेल्यार माका कोण सांगतलो?"

दुसरी कोणी आई असती तर असलं अभद्र बोलल्याबद्दल तिनं थोबाड फोडलं असतं. माझी आई विचार करत बसली. तिला तो प्रश्न योग्य वाटला होता, कारण तिला ठाऊक होतं, मला सांगितल्याशिवाय काही कळत नाही. "कोणाक तरी सांगान ठेवतंय," ती शेवटी म्हणाली. "हेका सरळ सांगा, म्हणान." तेवढ्यानं माझं काळीज जागेवर आलं. ती नसताना ती जागा भरून निघणार नव्हती, पण निदान ती गेल्याचं कोणी तरी तोंडानं सांगणार होतं.

तीनचार वर्षं गेली. माझी गाडी पुन्हा चालू लागली. भाड्याची दुसरी गाडीच नव्हती तर लोक जातील कुठे! साठ साल उलटून गेलं होतं. गणपती होऊन आठदहा दिवस झाले असतील, आईला ताप आला आणि तो छातीत उतरला. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक घरघर होई, पाणी कमी असलेल्या रेडिएटरसारखी. विजयदुर्गहून डॉक्टर आले, त्यांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, हे औषध खारेपाटणला मिळेल, आजच्या आज आणा. शेजारची काकी आईजवळ बसली. मी निघताना आईजवळ वाकून विचारलं, "तू मरतलंस?"

"माका म्हायत नाय," ती म्हणाली. "म्हायत झाला काय सांगतंय. जावन ये."

खारेपाटणला औषध मिळालं. तांबड्या रंगाची बाटली, तिच्यावर कागद चिकटवलेला, हलवून घ्यावे, दर चार तासांनी एक चमचा. परत येताना तळेऱ्याला नेहमीप्रमाणे थांबलो. मी आत शिरलो आणि ड्रायव्हरांच्या बाकावरचं हसणं थांबलं. मी शेवटच्या बाकाकडे निघालो तर एका ट्रकवाल्यानं सरकून जागा केली. "हय बस," तो म्हणाला. मी बसलो. हॉटेलवाल्यानं स्वतः चहा आणून दिला, बरोबर मी न मागितलेला पाव. विजयदुर्गाकडून आलेली लाल गाडी नुकतीच पुढे कणकवलीकडे गेली होती.

मी विचारलं, "माझ्या आयेचा काय कळला?"

सगळे आपापल्या चहाकडे बघायला लागले. मग ट्रकवाला म्हणाला, "बरी आसा. तू सावकाश जा."

"कोणी सांगल्यान?"

"गाडयेच्या ड्रायव्हरान."

माझा जीव भांड्यात पडला. मी पाव खाल्ला. ट्रकवाला म्हणाला, "मी येतंय तुझ्यावांगडा. पुढे बसतंय." मी सांगितलं, पुढे आई बसते, दुसरं कोणी नाही. त्यानं खांद्यावरचा पंचा घेऊन तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. त्या दिवशी उकडत होतंच. निघताना मी आईसाठी पावशेर खाजं घेतलं, गुळात घोळलेलं, आलं घातलेलं, तिला आवडे ते.

मग तो रस्ता सुरू झाला. पहिल्याच सरळ पट्ट्यावर समोरून एक ट्रक आला आणि त्याच्या ड्रायव्हरनं हात वर केला. कितीतरी वर्षांत मला कोणी हात केला नव्हता. पुढे एका बैलगाडीवाल्यानं कासरा सोडून हात वर केला. आणखी पुढे शेतातून घरी जाणारे दोघे रस्त्याच्या कडेला थांबले आणि गाडी जाईपर्यंत उभे राहिले. फणसाच्या झाडाजवळच्या उतारावर समोरून दुसरी लाल गाडी चढत होती. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे. मी कडेला घ्यायला लागलो तर ती एवढी मोठी गाडी थांबली आणि माणसांसकट उताराला मागे मागे गेली, मला वाट द्यायला. नियम मोडला म्हणून मी चिडलो. मी हातानं खूण केली, तू ये. तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून खूण केली, नाही, तू जा. मी त्याच्या बाजूनं गेलो तेव्हा त्यानं हात वर केला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता.

तेव्हा माझाही हात वर गेला. किती वर, किती वेळ, मी काही ठरवलं नाही. तो आपोआप गेला, आणि मला फार बरं वाटलं.

त्या गडग्यावरून पुढे जाताना मला तो मुंबईचा मुलगा आठवला, आईचा नियमही आठवला. वाटेवर सांगायचं नाही. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी तो नियम सांगणाऱ्याच्या बाजूनं पाठ केला होता. ऐकणाऱ्याच्या बाजूनं तो कसा दिसतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. उलट मी गाडी चालवता चालवता मोठ्यानं बोलत होतो, ते मी कधी करत नसे. आईला काय काय सांगायचं याची उजळणी करत होतो. बाकावर बसलंय. हात केलंय. तिला चेहरा करून दाखवणार होतो, बघ, ह्यो आनंद.

घरापुढच्या खळ्यात पुष्कळ माणसं होती. आजाऱ्याला बघायला आली असतील, असं मला वाटलं. गाडी लावली की पुढची काच आणि दिवे पुसायचे हा माझा क्रम. मी फडका काढला आणि पुसू लागलो. सगळे ओट्यावरून बघत होते. कोणी हाक मारली नाही. दिवे पुसून झाले, फडका पिळून जागेवर ठेवला, आणि बाटली नि खाजं घेऊन आत गेलो.

आईला जमिनीवर घेतलं होतं. ताप अंगात मावत नसेल म्हणून घेतलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. काकी उशाशी बसली होती.

"न्हिदली?" मी विचारलं.

काकी म्हणाली, "हं."

घरघर ऐकू येत नव्हती. मला वाटलं, उतार पडला. मी आईजवळ बसलो, बाटली हलवली, वर लिहिलं होतं तशी नीट, आणि चमचा भरला. डावा हात तिच्या मानेखाली घातला. मान थंड होती. मी चमचा तिच्या ओठांना लावला. औषध आत गेलं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून गालावर आलं. मी ते सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. मग मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. काकीकडे, दारातल्या बायांकडे, खिडकीशी उभ्या असलेल्या बागायतदाराकडे. सगळ्यांचे चेहरे हलत होते. कोणी बोलत नव्हतं.

मी थोडा वेळ वाट बघितली. तिनं कोणाला तरी सांगून ठेवलं होतं ना.

शेवटी मीच म्हणालो, "आये मेली." ती जसं म्हणाली असती तसंच म्हणालो, पाणी आणायचं आहे असं सांगावं तसं.

तेव्हा कुठे घरात रडण्याचा लोंढा फुटला. दारातून कोणी पुरुष म्हणाला, "असा म्हणा नये रे." काकीनं माझा हात धरला. मला कोणी हात धरलेला सोसत नाही, पण तिनं सोडला नाही. "तुझ्या आवशीन माका सांगान ठेवलेला," ती म्हणाली. "दुपारीसून म्हणतंय, तू इल्यार सांगतंय, इल्यार सांगतंय. माझी जीभ रेटली नाय रे." आई गेली ती मी तळेऱ्याच्या अर्ध्या वाटेवर असेन त्या सुमाराला. जाताना दोनदा म्हणाली होती, तेका सांगा.

काकीवर मी रागावलो नाही. नंतर कित्येक वर्षं त्याच रस्त्यावर गाडी चालवताना मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली. वाटेवर सांगायचं नाही म्हणजे वाटेवर कळू द्यायचं नाही, असं नसतं. दुसऱ्या कोणाला तो न मागितलेला पाव बघून संशय आला असता. ट्रकवाल्याचा पंचा बघून त्यानं पुन्हा विचारलं असतं. पहिल्या हाताला त्याला भीती वाटली असती आणि मागे जाणारी लाल गाडी बघून खात्री पटली असती. तोंडानं सगळे बरी आहे म्हणत आणि बाकी सगळ्या वागण्यातून खरं सांगत राहत. तीसेक मैलांत माणसाला पचेल तेवढं तेवढं कळत जातं, आणि घर येतं तेव्हा तो रडायला तयार असतो. माझ्याशीही ते तसेच वागले. मला त्यांनी वेगळं काढलं नाही, इतरांसारखंच वागवलं, आयुष्यात एकदाच.

तेरावं झालं आणि हात पुन्हा खाली गेले. मी मात्र तेव्हापासून समोरच्या प्रत्येक गाडीला हात करत आलो. पुढची सीट मी कोणाला दिली नाही.

पण खरं सांगायचं तर मला सलतं ते वेगळंच. आई घरात मरून पडली होती आणि तळेऱ्यापासून घरापर्यंत मी सुखात होतो. एवढी माणसं माझी आहेत असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतरही कधी वाटलं नाही.